शाळा बघायला जाल तेव्हा मागच्या रांगेत बसा

प्रश्न: बाई, नमस्कार. मी लोहारा तालुक्यातल्या एका लहान गावची. आमचं गाव भूकंपानंतर नव्या जागी वसलं. मुलगी येत्या जूनला पहिलीत जाईल. मुलगा चौथीत आहे, त्याला आता पाचवीसाठी बाहेर पडावंच लागणार, कारण आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच आहे. पट १९, गुरुजी दोन. तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावात केंद्रीय शाळा आहे, पहिली ते सातवी. पहिली ते पाचवी ११२ आणि सहावी-सातवी ४८ असा पट, शिक्षक सहा. तिथं सेमी इंग्रजी आहे, भिंती रंगवलेल्या आहेत, टीव्हीवर शिकवतात, मागच्या वर्षी पाच लेकरं शिष्यवृत्तीत आली. तालुक्याला परिषदेचीच प्रशाला आहे, पाचवी ते दहावी, आमच्यापासून आठ किलोमीटर. मी तिन्ही शाळांचा तक्ता केला. पट, शिक्षक, खोल्या, संगणक, शिष्यवृत्ती, प्रगतीपुस्तकातल्या श्रेणी. आमच्या गावची शाळा प्रत्येक रकान्यात खालीच राहते. मालक म्हणतात दोघांनाही मोठ्या गावात टाकू. सासूबाई म्हणतात सहा वर्षांचं लेकरू रस्त्यावर कशाला. कोणती शाळा कितव्या नंबरवर आहे याची सरकारी यादी असते का? आणि मी सातवी शिकलेली, शाळेत जाऊन काय विचारू? गुरुजी रागावतील का?
– एक आई

उत्तर:

ताई, तक्ता नीट केलाय. मी ३४ वर्षं परिषदेच्या शाळांत काढली, त्यातली शेवटची दहा केंद्रप्रमुख म्हणून. शाळांचे अहवाल ढिगानं वाचले, पण इतक्या काळजीनं तीन शाळा शेजारी-शेजारी मांडलेल्या फार थोड्या ठिकाणी दिसल्या. म्हणूनच तुमच्या रकान्यांतून काय कळतं आणि काय कळत नाही, हे जरा सविस्तर सांगते.

आधी यादीचं. लेकरं किती शिकली यावरून गावोगावच्या शाळांना नंबर लावणारी यादी शिक्षण खातं काढत नाही. ४ डिसेंबर २०२४ ला देशभर तिसरी, सहावी आणि नववीच्या लेकरांना किती येतं ते मोजणारं 'परख' सर्वेक्षण झालं. ते नमुन्याच्या शाळांत होतं आणि त्यातून जिल्ह्याचं चित्र कळतं, तुमच्या गावच्या शाळेचं नाही. 'माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानात तालुक्याच्या, जिल्ह्याच्या पातळीवर शाळांना बक्षिसं मिळाली, पण तिथं स्वच्छता, परसबाग, उपक्रम, लोकसहभाग असं पुष्कळ काही मोजलं. राहिलं यू-डायस, म्हणजे सगळ्या शाळांच्या माहितीची सरकारी नोंद. प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो, आपल्या राज्यात तो २७ नं सुरू होतो आणि बहुतेक शाळांच्या फलकावर लिहिलेला असतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकानं शाळेचा पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं बघता येतात. बघा, पण ही माहिती शाळेनंच भरलेली असते, आणि लेकराला वाचता येतं का, हा रकाना तिथंही नाही.

आता तुमचा शिक्षकांचा रकाना. तिथं गावची शाळा 'खाली' गेली कारण तुम्ही दोन आणि सहा हे आकडे समोरासमोर ठेवले. लेकरांत वाटून बघा. तुमच्या गावात एका गुरुजींकडं नऊ-दहा लेकरं येतात, मोठ्या गावात सत्तावीस. शिक्षण हक्काच्या कायद्यात, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, पहिली ते पाचवीला ६० लेकरांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन आणि ९१ ते १२० ला चार असं प्रमाण आहे. म्हणजे मोठ्या शाळेत ११२ लेकरांना चार शिक्षक आणि वर्ग पाच. तिथंही दोन वर्ग एका खोलीत बसणारच. 'आमच्याकडं दोन वर्ग एकत्र बसतात' म्हणून गावच्या शाळेला कमी लेखणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. तुमच्याकडं पहिली-दुसरी एका गुरुजींकडं, तिसरी-चौथी दुसऱ्यांकडं असेल. तसं शिकवणं सोपं नसतं. पण दहा लेकरांत कोण अडलंय ते गुरुजींना कळायला आठवडा पुरतो, तीस-पस्तीस लेकरांच्या जोडवर्गात दिवाळी उजाडते.

मात्र कागदावरच्या शिक्षकांवर थांबू नका. प्रत्येक शाळेत तीन आकडे विचारा. मंजूर पदं किती, कामावर किती, आणि आज वर्गावर किती. तिन्ही आकडे जुळणारी शाळा क्वचित सापडते. कुणाची प्रतिनियुक्ती, कुणाकडं मतदार याद्यांचं काम, कुणी प्रशिक्षणाला, कुणी तालुक्याला ऑनलाइन माहिती भरायला. यात शिक्षकांचा दोष नाही, त्यांना पाठवलं जातं. पण दोन शिक्षकी शाळेतले एक गुरुजी गेले की चारही वर्ग एकाच्या गळ्यात पडतात, आणि तुमच्या गावच्या शाळेचा खरा धोका तो आहे. गेल्या महिनाभरात दोन्ही गुरुजी एकाच वेळी शाळेत किती दिवस होते, हे मुलालाच विचारा. लेकरं अचूक सांगतात.

श्रेणीचा रकाना खोडून टाका. ज्या गुरुजींनी शिकवलं त्यांनीच मूल्यमापन केलेलं असतं, एका शाळेचा 'अ' दुसऱ्या शाळेच्या 'ब'शी ताडून बघता येत नाही. रंगवलेल्या भिंती आणि टीव्ही लोकवर्गणीतून किंवा ग्रामपंचायतीच्या निधीतून येतात. गाव शाळेकडं लक्ष देतं एवढं त्यातून समजतं, आणि ते चांगलंच आहे. टीव्ही आठवड्यात किती वेळा लागतो, हे मात्र विचारा.

शिष्यवृत्तीचं जरा थांबून बघू. पाच लेकरं आली, हा आकडा कानाला गोड लागतो. वर्गात किती होती? परीक्षेला किती बसवली? पाच 'पात्र' झाली की गुणवत्ता यादीत आली? या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. आणि जादा तास कुणासाठी होते? मी अशा शाळा बघितल्यात जिथं वर्गातली सात हुशार लेकरं वर्षभर जादा तासाला बसत, त्यांची नावं फलकावर झळकत, आणि उरलेली वीस पाढ्यांना अडलेली असत. अशाही बघितल्यात जिथं अख्खा वर्ग परीक्षेला बसला, लागलं एकच लेकरू, पण बाकी सगळ्यांचा हात गणितात मोकळा झाला. मला विचाराल तर ही दुसरी शाळा मोठी.

हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण मी एकदा चुकले आहे. केंद्रप्रमुख झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी एका शाळेच्या भेटीला गेले होते. परिपाठ असा की ऐकत राहावं. प्रार्थना, संविधानाची उद्देशिका, दिनविशेष, बोधकथा, सगळं लेकरांनी सांगितलं. चौथीत गेले, पहिल्या दोन रांगांतल्या चौघांनी खणखणीत वाचून दाखवलं. मी शेरेबुकात 'वाचन समाधानकारक' लिहून सही केली. जानेवारीत त्याच शाळेत अचानक जाणं झालं आणि जागा नव्हती म्हणून मी मागं बसले. शेजारच्या मुलीला म्हटलं, वाच गं. तिनं धडा घडाघडा म्हटला. पण तिचं बोट दुसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड चौथ्या ओळीवर. मी पुस्तक मिटलं आणि तिच्या पाटीवर लिहिलं, 'बैल', 'विहीर', 'दुपार'. तिला एकही शब्द वाचता आला नाही. चार वर्षं ती त्या वर्गात बसली होती, ऐकून ऐकून सगळं पाठ केलं होतं, आणि माझा तो शेरा तिच्याही नावावर होता. तिचे गुरुजी वाईट नव्हते. त्यांना सांगितल्यावर त्यांनी तिला रोज अर्धा तास घेतलं आणि एप्रिलपर्यंत ती वाचू लागली. तीन-चार महिन्यांचं काम होतं, ते चार वर्षं राहून गेलं होतं.

म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा मागच्या रांगेत बसा. शाळेतलं हुशार लेकरू बहुधा घरीही शिकत असतं. शाळा काय करते ते मागच्या लेकराच्या वहीत दिसतं.

वही बघताना अक्षराच्या सुबकतेवर जाऊ नका. चूक दुरुस्त केलीय की नुसती लाल खूण मारून पान उलटलंय ते बघा. गणिताच्या वहीत सगळ्यांची उदाहरणं एकसारखी, एकाच क्रमानं, एकही चूक नसलेली दिसली तर समजा फळ्यावरून उतरवलंय. चुकलेली, खोडलेली, पुन्हा केलेली वही मला जास्त आवडते.

आणि एक गोष्ट शाळेत न जाताही करता येईल. 'प्रथम' संस्थेचं 'असर' सर्वेक्षण २००५ पासून खेडोपाडी चालतं, त्यात लेकरांना काय येतं ते शाळेत नाही, त्यांच्या घरी जाऊन बघतात. अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट एवढंच वाचायला देतात, मग वजाबाकी आणि भागाकार. तुम्हीही हेच करा. मोठ्या गावात तुमचं माहेरचं कुणी असेल, मैत्रीण असेल. तिच्या गल्लीतली चार लेकरं आणि तुमच्या गल्लीतली चार. मुद्दाम हुशार निवडू नका. पुस्तकातलं काही नको, ते पाठ असू शकतं. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, लग्नपत्रिका, एसटीवरची पाटी असलं काही द्या. तिसरीच्या लेकराला ५३ मधून २७ वजा करायला सांगा, हातचा येतो का ते कळेल. पाचवीच्या लेकराला ७८४ ला ६ नं भागायला सांगा. परीक्षा घेतेय असं वाटू देऊ नका, लेकरू चुकलं तर 'असू दे' म्हणून खायला काहीतरी द्या. आठ लेकरांवरून शाळेचा निकाल लागत नाही हे खरं, पण तुमच्या तक्त्यात आज जे नाही ते यातून मिळेल.

सेमी इंग्रजीचंही असंच तपासा. सेमी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. त्याला माझा विरोध नाही, पुढं त्याचा उपयोग होतो. पण लेकरू 'नाइन फोर जा थर्टी सिक्स' म्हणत असेल तर त्याला विचारा, छत्तीस रुपयांची वांगी घेतली, पन्नासची नोट दिली, किती परत? गडबडलं तर सेमी फक्त पाटीवर आहे.

आठवडी बाजाराच्या दिवशी हजेरी किती असते हे विचारा. आपल्याकडं दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतात. त्या लेकरांचं शाळा काय करते? हंगामी वसतिगृहाची सोय लावली का, गावात आजीजवळ ठेवायला आई-बापांना समजावलं का, जे गेलेच त्यांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड दिलं का, की मार्चमध्ये परत आलं की नुसतं नाव पुढच्या वर्गात सरकवलं? तुमची लेकरं कारखान्यावर जाणार नाहीत, तरी विचारा. जी शाळा गेलेल्या लेकराचा माग काढते ती बसलेल्या लेकराला विसरत नाही.

आणखी एक प्रश्न नाजूक आहे. चांगली शाळा पुष्कळदा एका चांगल्या गुरुजींवर किंवा बाईंवर उभी असते आणि बदलीचा आदेश आला की तीन महिन्यांत पाडाव होतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय, गावकरी एसटीपर्यंत रडत गेले होते. म्हणून कोण किती वर्षांपासून आहे हे विचारा, आणि ते गेले तर मागं काय राहील याचा अंदाज घ्या. पुस्तकांची पेटी लेकरं स्वतः उघडतात का? शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका खरंच होतात का? छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाट गावातल्या परिषदेच्या शाळेची लेकरं जपानी शिकतात ही बातमी २०२० मध्ये सगळीकडं गाजली. मला त्यातलं जपानी तेवढं महत्त्वाचं वाटलं नाही. कोणती भाषा शिकायची हे तिथं लेकरांना विचारलं होतं, ते मला मोठं वाटलं. असं विचारायची सवय शाळेला लागली की ती गुरुजींबरोबर बदलून जात नाही.

आता तुमच्या दोघांचं. मी दोघांचा निर्णय वेगवेगळा करीन.

मुलीला गावच्या शाळेत घाला. पहिली-दुसरीत वाचायला येणं हेच सगळं काम असतं, आणि त्याला जवळ बसणारा माणूस लागतो. दहा लेकरांत ती कधी मागं पडणार नाही, कारण मागची रांगच नाही. सासूबाईंचं म्हणणंही बरोबर आहे. सहा वर्षांच्या लेकराचं तीन किलोमीटर जाणं आणि येणं यात दीड तास आणि अंगातली सगळी ताकद जाते. एकच अट. ते दोन्ही गुरुजी वर्गावर असतात याची खात्री करा. पहिली-दुसरी कोण घेतं ते बघा आणि त्यांच्या वर्गात तासभर बसा. मुलगा त्याच शाळेत चौथीत आहे, म्हणजे सगळ्यांत मोठा पुरावा तुमच्या घरातच आहे. तो लग्नपत्रिका वाचतो का? नसेल वाचत तर माझं हे उत्तर उलटं धरा आणि मुलीलाही घेऊन जा.

पटाबद्दल एक गोष्ट लपवणार नाही. शिक्षकांची संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणं, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. तुमच्या भागात भूकंपामुळं ही तारीख १९९३ पासून कुणाला आठवून द्यावी लागत नाही. वीसच्या आतल्या शाळांचं काय करायचं, आसपासच्या लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या का, हा विषय २०२३ पासून पुन्हा पुन्हा निघतो. मुलगा बाहेर पडेल, मुलगी आत येईल, तुमच्या घरापुरता आकडा तेवढाच राहील. गावची शाळा टिकवायचं ओझं मी तुमच्या लेकीवर टाकत नाही. पण गावातल्या पाच-सहा आयांनी मिळून ठरवलं तर शाळेकडं बघायची तालुक्याची नजर बदलते, हे मी केंद्रात अनुभवलंय.

मुलासाठी मोठं गाव की प्रशाला? आपल्या मराठवाड्यात परिषदेच्या प्रशाला आहेत हे आपलं भाग्य. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शाळा बहुतेक खासगी संस्थांच्या, आपल्याकडं निजामाच्या राज्यात ज्या सरकारी होत्या त्या पुढं परिषदेकडं आल्या. विषयाला स्वतंत्र शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान, हे प्रशालेत मिळू शकतं. पण दहा वर्षांचं लेकरू रोज आठ किलोमीटर जाणार, आणि पाचवीला अजून प्रयोगशाळेची घाई नाही. पाचवी ते सातवी मोठ्या गावात, आठवीला प्रशाला, असं मी करीन. कायद्यानं सहावीपासून गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्र यांना शिक्षक लागतात. मोठ्या गावात सहावी-सातवीला गणित कोण शिकवतं ते नावानिशी विचारा. पद रिकामं असेल तर सहावीलाच प्रशालेचा विचार करा, पाचवीचं वर्ष मात्र मोठ्या गावातच होऊ द्या.

पाचवीत असताना त्याला नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, परीक्षेला बसवा. आपल्या जिल्ह्याचं नवोदय तुळजापूरला आहे, सहावीला ८० जागा, त्यातल्या किमान तीन चतुर्थांश ग्रामीण लेकरांसाठी. लागलं नाही तरी तयारी वाया जात नाही. आठवीला गरीब घरच्या हुशार लेकरांसाठी एनएमएमएस परीक्षा असते, तिची शिष्यवृत्ती नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. ती सरकारी, परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या लेकरांनाच मिळते, पिवळ्या गाडीच्या विनाअनुदानित शाळेत घातलेल्यांना नाही. मालकांना हे सांगा. आणि मुलगी पाचवीला बाहेर पडेल तेव्हा अहिल्याबाई होळकर योजनेत तिचा एसटीचा पास फुकट असेल.

शेवटचं, गुरुजी रागावतील का. तुम्ही चुका काढायला आलात असं वाटलं तर मन दुखेल, माणूसच आहेत. 'माझं लेकरू तुमच्याकडं घालायचंय, थोडा वेळ बसू का?' असं म्हणा. चांगला शिक्षक सतरंजी पुढं करील. शनिवारी जाऊ नका, सकाळची शाळा असते, वर्ग नीट दिसत नाही. मंगळवार-बुधवारी परिपाठ उरकल्यावर जा आणि खिचडीपर्यंत थांबा. तुम्ही सातवी शिकलात हे सांगायची गरज नाही आणि लपवायचीही नाही. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, शिक्षणाची अट नसते. मुलगी गावच्या शाळेत गेली की जूनच्या पालक सभेत तुमचं नाव सुचवा, आणि पुढच्या बैठकीत आधीचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायला सांगा.

मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला मेमध्येच मागून ठेवा. उशीर झाला तरी दाखला नाही म्हणून पाचवीला प्रवेश अडवता येत नाही, हे मोठ्या गावच्या मुख्याध्यापकांना ठाऊक असतं. नसेल तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयात एक साधा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.